मनाचा डॉक्टर आणि त्याची हद्द
(वर्धापनदिनानिमित्त विहारात केलेले भाषण)



आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं. ताप आला तर दवाखान्यात जातो. पण मन बिघडलं की घरात कोंडून घेतो. का? तर वस्तीत बोभाटा होईल! ही भीती खोटी नाही. म्हणून मनाच्या डॉक्टरानं काय करू नये, हे आम्हाला ठाऊक पाहिजे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ सांगते की, रुग्णाची माहिती उपचार करणाऱ्याने गुप्त ठेवावी. मालकाने विचारले तरी नाही, सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्याने विचारले तरी नाही. (आमच्याकडे पहिली चौकशी त्याचीच!)

पण गुप्ततेलाही हद्द आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे बंगालमधून गेलेला प्रसेनजित पोद्दार शिकत होता. एका मुलीला ठार करणार, असे त्याने तिथल्या मानसतज्ज्ञाला सांगितले. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी त्याला थोडा वेळ धरले अन् सोडून दिले. मुलीला, तिच्या आईबापांना कुणी सावध केलेच नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तातियाना तारासोफचा खून केला. आईबाप कोर्टात गेले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, असा धोका दिसला तर त्या माणसाला वाचविण्यासाठी योग्य ती काळजी घेणे उपचारकाचे कर्तव्य आहे. आपल्या कलम २३ मध्येही दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर माहिती देण्याची मुभा आहे, मात्र त्या धोक्यापुरतीच. सगळी कहाणी नव्हे.

दुसरी हद्द सलगीची. दुःखी माणूस ऐकणाऱ्याला देव मानतो, तिथेच फसवणुकीला वाव मिळतो. उपचार करणाऱ्याने रुग्णाकडून उसने पैसे घेऊ नयेत, त्याला घरकामाला लावू नये. शरीरसंबंध तर नाहीच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ संघटनेच्या आचारसंहितेत उपचार चालू असताना त्याला साफ बंदी आहे आणि उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षे. 'ती राजीखुशीने आली' ही सबब आम्ही मानत नाही. डोकं दुसऱ्याच्या हाती दिलेल्याची कसली राजीखुशी?

आपले कार्यकर्तेही नवरा-बायकोची भांडणे सोडवितात आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर तीच चर्चा! ते समुपदेशन नव्हे.

तेव्हा पहिल्याच भेटीत बेधडक विचारा: शिक्षण काय, फी किती, माझं बोलणं कुणाला सांगणार, लिहून ठेवलेलं कुठं राहणार? आयाबहिणींनो, विचारताना लाजू नका.