मधल्या फळीचा मुसाफिर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की गावोगावच्या शाळामास्तरांच्या घरी एक बोलणं हमखास निघतं. “गुरुजी, यंदा तुमची बदली आहे का हो?” बदली म्हणजे काय असतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. भांडीकुंडी बांधायची, मुलांचे दाखले काढायचे, ओळखीची माणसं मागं ठेवायची आणि नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून पाटी पुसून सुरुवात करायची. अशा वेळी मनात एक प्रश्न डोकावतो. इथं जे केलं ते इथंच राहिलं. मग आपल्याबरोबर येतं तरी काय?

आज मी तुम्हांला एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहे की, ज्याच्या साऱ्या धंद्यालाच ही बदली चिकटलेली होती. तो शिक्षक नव्हे, फुटबॉलपटू. नाव क्लॅरेन्स सीडॉर्फ. चार देश, पाच शहरं, सहा संघ असा त्याचा प्रवास. तुम्ही म्हणाल, फुटबॉल खेळणाऱ्याचा आणि आमच्या बदलीचा काय संबंध? जरा ऐकून घ्या, मग ठरवा.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरीनाम नावाचा लहानसा देश आहे. नाव अगदीच अनोळखी वाटायला नको. १८७३ सालापासून आपल्या उत्तर हिंदुस्थानातली हजारो माणसं मजुरीच्या करारावर जहाजात बसून तिथल्या मळ्यांवर गेली, आणि त्यांची मुलंनातवंडं आजही तिथं आहेत. हा मुलूख हॉलंडच्या ताब्यात होता. १९७५ च्या नोव्हेंबरात तो स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९७६ रोजी, राजधानी पॅरामारिबो इथं सीडॉर्फचा जन्म झाला. त्या दिवसांत सुरीनाममधली पुष्कळ कुटुंबं हॉलंडला निघून जात होती. हा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याचंही घर हललं. म्हणजे पहिली बदली झाली ती पाळण्यातून नुकतं उतरल्यावर!

हे कुटुंब ज्या गावी गेलं, त्याचीही मोठी मौज आहे. त्या गावाचं नाव अल्मेर. हॉलंडच्या लोकांनी बांध घालून, पाणी उपसून समुद्राखालची जमीन वर काढली, आणि त्या जमिनीवर हे गाव वसवलं. तिथं पहिली घरं उभी राहिली ती १९७६ सालीच. गाव आणि मुलगा एकाच वयाचे! अशा गावात वाडवडिलांच्या वेळचा वाडा कुणाचा असणार आणि मानाची पानं कुणाची असणार? सगळेच नवे, सगळेच बाहेरून आलेले. बापाला फुटबॉलचा नाद, पुढं दोघे धाकटे भाऊही त्याच वाटेला लागले. जवळच ॲमस्टरडॅम शहर, आणि तिथला आयाक्स हा नामांकित संघ लहान मुलांना हेरून शिकवून तयार करण्याबद्दल प्रसिद्ध. या संघानं मुलाला आपल्याकडे घेतलं. १९९२ च्या नोव्हेंबरात मोठ्यांच्या संघातून तो पहिला सामना खेळला, तेव्हा त्याला सोळा वर्षं पुरी होऊन आठ महिनेही झाले नव्हते. त्याच्याइतक्या लहान वयात त्या संघाकडून तोवर कुणी उतरलं नव्हतं.

आता तो खेळायचा कोणत्या जागी, हे नीट समजून घेतलं पाहिजे. अकरा जणांत एक गोलरक्षक. मागं बचाव करणारे, पुढं चढाई करणारे, आणि या दोहोंच्या मध्ये जी माणसं असतात, ती मधली फळी. सीडॉर्फ या मधल्या फळीतला. गोल मारणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं. मधल्याचं काम निराळं. शेतकरी बंधूंना सांगायचं तर, तो दारं धरणारा गडी! मोट गेली, इंजिन आलं, विजेचा पंप आला. पण पाटाच्या पाण्यावर पीक काढायचं तर दारं धरायला माणूस लागतोच. कोणता वाफा भरत आला, कोणता कोरडा आहे, कुठं दार मोडायचं, कुठं लावायचं, याकडे त्याची सारखी नजर. तो चुकला तर एका वाफ्यात तळं होतं आणि दुसऱ्यात रोप करपतं. तसंच मैदानावर चेंडूचं. मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं, आणि ज्याच्यापुढं मोकळी जागा आहे त्याच्याकडे तो वळवायचा. सीडॉर्फचे दोन्ही पाय सारखे चालत आणि अंगात ताकद भरपूर. पण त्याची खरी कमाई म्हणजे हे बघणं. आणि बघणं ही वस्तू अशी आहे, की ती गाव बदललं म्हणून मागं राहत नाही.

१९९५ च्या मे महिन्यात व्हिएन्ना शहरात युरोपातल्या संघांच्या चषकाचा अंतिम सामना झाला. हा चषक म्हणजे क्लबांच्या फुटबॉलमधली सर्वांत मोठी लढत. प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांच्या आयाक्सनं इटलीच्या मिलान संघाला एका गोलानं हरवलं. सीडॉर्फ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पोरगा घरच्या संघात आहे, चषक हातात आहे, गावात नाव झालेलं आहे. दुसरा असता तर तिथंच बैठक मारून बसला असता. हा निघाला.

पहिला मुक्काम इटलीतलं जेनोआ बंदर, संघ साम्पदोरिया. तिथं एकच हंगाम काढला. पण त्याच सुमारास जे घडलं, ते सांगितल्याशिवाय ही हकीकत खरी होणार नाही. १९९६ साली इंग्लंडमध्ये युरोपातल्या राष्ट्रांची स्पर्धा झाली. हॉलंड आणि फ्रान्स यांच्यात कुणाचाच गोल झाला नाही. मग निकाल लावण्यासाठी दोन्ही संघांना पाच-पाच पेनल्टी किक. पेनल्टी म्हणजे समोर एकटा गोलरक्षक, आणि मारणाराही एकटा. फ्रान्सच्या पाचही गेल्या. हॉलंडच्या चार गेल्या, एक अडली. ती सीडॉर्फची. वीस वर्षांच्या पोरावर सारा देश घरी परतल्याचं खापर! पुढल्या वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तुर्कस्तानविरुद्ध पुन्हा पेनल्टी मिळाली. ती यानंच घेतली. तीही वाया गेली, आणि सामना एका गोलानं हरला. लोक काय काय बोलले असतील, त्याची कल्पना तुम्ही करा.

१९९६ मध्ये तो स्पेनच्या राजधानीत, रिअल माद्रिद संघात गेला. पहिल्याच हंगामात संघानं स्पेनची लीग जिंकली. आणि मग आला १९९८ चा मे महिना. हा संघ युरोपच्या चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. या संघानं तो चषक शेवटचा जिंकला होता १९६६ साली; म्हणजे बत्तीस वर्षांचा उपास. सामना कुठं होता? ॲमस्टरडॅममध्ये! आयाक्सच्या नव्या मैदानावर. सीडॉर्फ आयाक्स सोडून गेला त्यानंतर वर्षभरानं हे मैदान उघडलं होतं. म्हणजे ज्या शहरानं त्याला घडवलं, त्याच शहरात तो पाहुण्याच्या सदऱ्यात उतरला. इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध माद्रिदनं एका गोलानं बाजी मारली आणि बत्तीस वर्षांचा उपास सुटला. सीडॉर्फचा हा दुसरा चषक, दुसऱ्या घराचा.

पण नोकरीत जसं नव्या साहेबाबरोबर वारं बदलतं, तसं तिथंही झालं. १९९९ संपता संपता त्याची रवानगी पुन्हा इटलीत झाली, मिलान शहरातल्या इंटर या संघात. तिथं दोन-अडीच वर्षं घाम गाळला, पण पदरात मोठं काही पडलं नाही. ५ मे २००२ या दिवशी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत इंटर पहिल्या क्रमांकावर होता. तो सामना संघ हरला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

त्याच उन्हाळ्यात इंटरनं त्याला देऊन टाकलं. आणि कुणाला? शेजाऱ्याला! मिलान शहरात दोन मोठे संघ, इंटर आणि मिलान. दोघांचं मैदान एकच, आणि वैर भाऊबंदकीसारखं. बांधावरून जशी बैलांची अदलाबदल व्हावी, तसा सीडॉर्फ तिकडे गेला आणि त्याच्या बदल्यात फ्रान्सिस्को कोको नावाचा बचावपटू इकडे आला. कोको बिचारा दुखापतींनी घेरला गेला, इंटरकडून फारसा खेळू शकला नाही. आणि सीडॉर्फ? तो मिलानमध्ये दहा वर्षं राहिला, चारशेहून अधिक सामने खेळला.

इथं थोडं थांबू या. आपण त्याला भटक्या समजत होतो ना? पण ज्या जागी त्याच्या बघण्याची किंमत कळली, तिथं त्यानं दहा वर्षं खुंटा हलवला नाही. तिथं त्याला लोक ‘प्रोफेसर’ म्हणत. जिथं जायचं तिथली बोली शिकायची, ही त्याची रीत. डच, इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि आपल्या जन्मभूमीची बोली, इतक्या भाषा त्याच्या तोंडी बसल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या गड्याला त्याच्या भाषेत हाक मारता आली नाही, तर त्याच्याकडे चेंडू वळवणार कसा?

मिलानचा पहिलाच हंगाम. २८ मे २००३, इंग्लंडातलं मँचेस्टर शहर, युरोपच्या चषकाचा अंतिम सामना, समोर पुन्हा युव्हेंटस. गोलच होईना. अखेर पेनल्टी. आणि मारायला कोण पुढं आला? ज्याच्या दोन पेनल्ट्यांनी देशाला रडवलं होतं, तोच. धावत आला, मारली, आणि ती गोलरक्षकानं अडवली! पण या वेळी सोबत्यांनी सावरून घेतलं. मिलाननं ३-२ अशी सरशी केली. १९९५, १९९८, २००३. तीन वेगवेगळ्या संघांकडून हा चषक जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला, आणि तोही पेनल्टी चुकलेल्या रात्री. मला या साऱ्या कथेत ही रात्र सर्वांत मोलाची वाटते. चुकण्याची भीती ज्याला ठाऊक आहे, त्यानं पुन्हा पुढं यायचं, हे काही सोपं नाही. आणि चुकल्यावर सोबत्यांनी भार उचलायचा, यालाच संघ म्हणायचं.

पुढल्या वर्षी फेब्रुवारीत इंटरविरुद्धचा सामना आला. दोन गोलांनी मागं पडलेल्या मिलाननं बरोबरी साधली, आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना विजयी गोल केला तो सीडॉर्फनं, आपल्या जुन्या घराविरुद्ध. त्या वर्षी मिलाननं इटलीची लीग जिंकली. २००५ मध्ये इस्तंबूलला मात्र उलटं झालं. अंतिम सामन्यात लिव्हरपूलवर तीन गोलांची आघाडी मध्यंतरालाच होती. ती सारी वाहून गेली आणि पेनल्टीवर चषक हुकला. दोन वर्षांनी अथेन्समध्ये त्याच लिव्हरपूलला २-१ असं हरवून मिलाननं उसनं फेडलं. सीडॉर्फचा हा चौथा चषक. २०११ मध्ये पुन्हा इटलीची लीग.

वय छत्तीस. या वयात फुटबॉलपटू घरी बसतो. २०१२ मध्ये हा ब्राझीलला, रिओ शहरातल्या बोताफोगो संघात गेला. पोर्तुगीज येतच होती. पोरांबरोबर खेळत, त्यांना शिकवत त्यानं २०१३ साली तिथली रिओ राज्याची स्पर्धा जिंकून दिली. २०१४ च्या जानेवारीत खेळ थांबवला आणि मिलानचा प्रशिक्षक झाला. ती नोकरी मात्र जूनपर्यंतच टिकली. पुढं चीन, स्पेन, आफ्रिकेतलं कॅमेरून असे प्रशिक्षकाचे मुक्काम झाले. त्यांतला कुठलाच फार दिवसांचा ठरला नाही. उत्तम खेळणारा उत्तम शिकवणारा होतोच असं नाही, हे तुम्हां शिक्षकांना मी काय सांगावं?

आणि देशाचं काय? हॉलंडकडून तो ८७ सामने खेळला, पण विश्वचषक त्याच्या हाती लागला नाही. २००६ च्या विश्वचषकाला तर त्याची निवडही झाली नाही. ही रुखरुख राहिलीच असणार. जन्मभूमीत, सुरीनाममध्ये, त्याच्या नावाचं एक क्रीडांगण मात्र आज उभं आहे.

तर श्रोतेहो, सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू या. बदली झाली की बरोबर काय येतं? कप आणि ढाली ज्या त्या संघाच्या कपाटात राहिल्या. ॲमस्टरडॅमचा तिथं, माद्रिदचा तिथं, मिलानचे तिथं. सीडॉर्फबरोबर गावोगाव गेली ती त्याची नजर, त्याच्या भाषा, आणि चुकल्यानंतरही पुढं येण्याची छाती.

गुरुजी, यंदा तुमची बदली झालीच, तर सामान बांधताना हे ध्यानात ठेवा. फळ्यावरची अक्षरं मागं राहतील, पण फळ्यापुढं उभं राहण्याची जी हातोटी तुम्ही मिळवली, ती कुणाला ठेवून घेता येत नाही. आणि नव्या शाळेच्या मैदानावर मुलं चेंडू खेळत असली, तर गोल मारणाऱ्याला शाबासकी द्याच. पण त्याच्याकडे चेंडू वळवला कुणी, तेही जरा विचारा. बहुधा तो पोरगा मागं, मैदानाच्या मधोमध, मान वर करून बघत उभा असेल.