शिबिर संपतं तेव्हा

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने केलेले भाषण.)



तुम्ही अनेक वर्षं काम करता आहात. मी तुम्हाला काय सांगणार? मी राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका. ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असं तिचं स्वरूप. 'मी नव्हे, तुम्ही' हे ब्रीद. या ब्रीदातले 'तुम्ही' कोण, हे मला शिबिरात कळलं. तेवढंच सांगते.

मावळातल्या एका गावात आम्ही घरोघरी पाहणीचे फॉर्म भरत होतो. 'व्यवसाय' या रकान्यापाशी बायका म्हणायच्या, "काही नाही, घरीच असते." आम्ही 'गृहिणी' लिहून पुढे जायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायका विळे घेऊन दुसऱ्यांच्या शेतावर निघालेल्या दिसल्या. मग आम्ही फॉर्म परत काढले आणि प्रश्न बदलला : "काल उठल्यापासून काय काय केलंत?" रकाना पुरेना. बाईचे कष्ट मोजले जात नाहीत असं आपण म्हणतो. ते न मोजणारे हात त्या दिवशी आमचेच होते.

दुसरी गोष्ट वेळेची. सात वाजल्यानंतर मुलींनी शाळेच्या आवाराबाहेर जायचं नाही, असा नियम होता. मुलं मात्र रात्री देवळाच्या पायरीवर पुरुषांशी गप्पा मारत बसत. बायकांना उसंत मिळायची ती भाकऱ्या थापून, जेवणं उरकल्यावर. म्हणजे त्या मोकळ्या, तेव्हा आम्ही कोंडलेल्या! आमच्या सुरक्षिततेच्या नावाखाली निम्मं गाव आम्हाला भेटतच नव्हतं. आम्ही भांडलो. शेवटी मॅडम म्हणाल्या, "चला, मी येते बरोबर."

त्या रात्री एका आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मी विचारलं, "आजी, लिहून घेऊ का?" त्या म्हणाल्या, "लिव की. पण माझं नाव बी लिव. न्हाईतर गाणं माझं आन् वही तुझी."

पुण्याला आल्यावर समजलं की हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांसह १९८०च्या दशकापासून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' २०१७ पासून त्या प्रसिद्ध करू लागलं. तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गावही दिलेलं असतं. आजींची मागणी किती रास्त होती!

पण खरी देवाणघेवाण पुढेच झाली. आजी म्हणाल्या, "आमचं समदं इचारलंस. आता तुझं सांग की पोरी." मी गप्प झाले. पदवी झाली की लग्न, असं घरी ठरत आलंय आणि मला पुढे शिकायचंय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या ओसरीवर पहिल्यांदा बोलले. कुणी उपदेश केला नाही. एक मावशी एवढंच म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हवतं. तुला इचारत्यात तर नाय म्हण." घरी येऊन मी 'नाही' म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "परत येशील का, का तुझं शिबिर संपलं?" आता आम्ही तिघी महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जातो. त्याचे तास कुठल्याच वहीत धरले जात नाहीत.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्हा मुलींना फक्त मोर्चाला गर्दी म्हणून बोलावू नका. तुमच्या बैठकांना बसू द्या, चुकलो तर सांगा. आणि मधूनमधून आम्हालाही विचारा, "तुझं काय चाललंय, पोरी?"