केबल पाहून घ्या



पिंपरी हे कारखान्यांचे गाव. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. पुढे कारखाने पार चाकणपर्यंत पसरले. तेव्हा वायर म्हणजे काय, हे पिंपरीकरांना सांगायला नको. पंख्याची बारीक वायर मोठ्या मोटारीला कोणी जोडत नाही. जोडली तर ती तापते, जळते. मग फोनची केबल घेतानाच आपण “कोणतीही द्या हो, स्वस्तातली” असे का म्हणतो?

आज फोन नुसता बोलण्यापुरता राहिला नाही. पाळीचा निरोप त्यावर येतो. पगार जमा झाल्याचे त्यावर कळते. भाजीचे पैसेही त्यावरूनच जातात. फोन बंद पडला की काम अडते.

केबलची कामे दोन. एक वीज नेणे, दुसरे माहिती नेणे. जुन्या, चपट्या तोंडाच्या साध्या केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही केबलींत विजेच्या दोनच तारा घालतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात!

आमच्या वर्गातल्या एका बाईंचा फोन बिघडत चालला होता. त्यांच्या वारलेल्या आईचे फोटो त्यातच होते. फोन संगणकाला जोडला, तर चार्ज होई, पण फोटो काही दिसेनात. शेजारी म्हणाले, “आता आशा सोडा.” आम्ही दुसरी केबल लावली. फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडले. सगळे फोटो उतरले! दोष केबलीचा होता, फोनचा नव्हता.

तर केबल घेताना काय पाहावे?

पहिले, तोंड. आता टाइप-सी तोंड सगळीकडे येत आहे. ते उलटसुलट कसेही बसते. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये त्याचे मानक जाहीर केले. पण तोंड सारखे म्हणून पोट सारखे नसते.

दुसरे, वॅट. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली चांगली केबल ६० वॅटपर्यंत वीज नेते. बहुतेक फोनना तेवढी पुरते. मोठ्या लॅपटॉपला अधिक वॅटची केबल लागते. फोन लवकर चार्ज व्हायचा, तर फोन, चार्जर आणि केबल या तिघांचा मेळ हवा.

तिसरे, माहिती. पाकिटावर ‘डेटा’ असे लिहिले आहे का, ते वाचा. जमल्यास दुकानातच संगणकाला लावून पाहा.

चौथे, लांबी. लांब आणि बारीक केबल वाटेतच वीज खाते. गरजेपुरतीच घ्या.

दोन तारांची केबल टाकाऊ मात्र नव्हे. परक्या ठिकाणी चार्ज करताना तीच बरी. तिच्यातून आपली माहिती कोणाला काढता येत नाही.

केबल फार तापली, सोलली किंवा टोकाशी काळी पडली, तर लगेच टाकून द्या. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नका. घरात मुलेबाळे झोपलेली असतात.

आपण अक्षरे शिकलो आहोत. दुकानात पाकीट हाती आले की आधी ते वाचू या, मग पैसे देऊ या.