पाय हाच पाया

चेन्नई शहराच्या दक्षिणेस पेरुंगुडी नावाचे उपनगर आहे. पळ्ळिकरणैच्या पाणथळीलगतचे हे एके काळचे खेडे. २०११ साली ते चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. आज महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या दुतर्फा संगणक-उद्योगाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत. देशभरातून आलेली तरुण मंडळी तेथे दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीवर बसून काम करतात. त्यांत मराठी मंडळीही असतात. पुढे केव्हातरी जिना चढताना धाप लागते, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो, आणि मग माणूस व्यायामशाळेची वाट धरतो.

व्यायामशाळेत पाऊल टाकताच नवख्याची दृष्टी आरशाकडे जाते, आणि आरशात दिसतात ते दंड व छाती. पाय पाटलोणीत झाकलेले! त्यामुळे पायांचा व्यायाम बहुधा उद्यावर ढकलला जातो. वस्तुतः शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत आहेत. उठणे, चालणे, चढणे, तोल सावरणे ही सारी त्यांचीच कामे. म्हातारपणी स्वतःच्या पायांनी उठता यावे अशी इच्छा असेल, तर तिची तरतूद तरुणपणीच करावी लागते.

आपल्याकडे याची जाण जुनी आहे. तालमीत जोरांच्या जोडीला बैठका असतच. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव याच तालमीच्या परंपरेतले. मौज अशी की, तमिळ भाषेतही बैठकीला 'बस्की' म्हणतात. शिवाय पिळ्ळैयारपुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे, हात आडवे घालून कान धरायचे आणि उठाबशा काढायच्या, अशी तेथे प्रथा आहे. तिला 'तोप्पुक्करणम्' म्हणतात. आपल्या शाळेत जी शिक्षा, ती तेथे पूजा! तेव्हा पेरुंगुडीच्या व्यायामशाळेत वजन घेऊन बसणे-उठणे शिकणारा मराठी माणूस काही परक्या विद्येकडे वळत नाही.

मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. आखाड्यातील बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे पुष्कळ पुढे येतात. वजन घेऊन बसताना टाचा जमिनीवर घट्ट रोवलेल्या हव्यात, गुडघे पावलांच्या दिशेनेच वळावेत आणि पाठ ताठ राहावी. जुनी सवय मुरलेल्यास हे मुद्दाम शिकावे लागते.

आता निवड कशी करावी? यंत्रे पाहून नव्हे, तर हालचाली पाहून करावी. पायांच्या मुख्य हालचाली तीन. पहिली, बसून उठण्याची. तिने मांडीचे पुढील स्नायू बळावतात. दुसरी, कमरेतून वाकून वजन उचलण्याची. तिने मांडीचे मागील स्नायू व नितंब बळावतात. तिसरी, एका पायावर भार घेण्याची. उदाहरणार्थ, पाटावर चढणे-उतरणे. या तिन्हींतून प्रत्येकी एकच प्रकार निवडावा आणि शेवटी पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम जोडावा. एवढे चार प्रकार नवख्याला पुरेसे आहेत. गुडघा सरळ करण्याच्या यंत्रावर तासभर बसणाऱ्याच्या मांडीचा पुढचा भागच तेवढा राबतो. मागची बाजू उपाशीच राहते.

मांडणीचे नियमही सोपे आहेत. आठवड्यातून दोन दिवस, समजा सोमवार आणि गुरुवार, पायांना द्यावेत. आरंभी पाच-दहा मिनिटे अंग तापवावे. अवघड आणि मोठ्या हालचाली आधी, पोटऱ्यांसारखी लहान कामे शेवटी; कारण थकलेल्या अंगाने वजन पेलू गेल्यास ढब बिघडते. प्रत्येक प्रकाराच्या दोन किंवा तीन फेऱ्या, फेरीत आठ ते बारा आवर्तने, आणि दोन फेऱ्यांमध्ये दोनेक मिनिटे विसावा. फेरी संपल्यावर आणखी दोन आवर्तने झाली असती असे वाटावे, इतकेच वजन घ्यावे. सर्व फेऱ्यांत बारा आवर्तने नीट होऊ लागली, की दोन-अडीच किलो वाढवून पुन्हा आठांपासून प्रारंभ करावा. हे सारे एका वहीत टिपून ठेवावे.

क्रमाक्रमाने भार वाढविण्याच्या या तत्त्वाला शास्त्रीय बैठक मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे दुर्बळ झालेले पाय चढत्या वजनांनी पुन्हा सशक्त केले आणि १९४५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. या पद्धतीचा जन्मच मुळी अशक्त पायांसाठी झाला, हे नवख्याने विसरू नये.

विसरला, तर काय होते? पहिल्याच दिवशी ईर्षेने शेकडो बैठका मारल्या जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखणे स्वाभाविक आहे. ते आपोआप शमते. परंतु अतिरेकाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटले, तर त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. पाय कमालीचे सुजले आणि लघवी काळपट तांबडी झाली, तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. गुडघ्यात तीक्ष्ण कळ आली, तर व्यायाम तेथेच थांबवावा. हृदयविकार किंवा सांध्यांची जुनी व्यथा असणाऱ्यांनी आरंभापूर्वीच सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितला आहे. दोन दिवस म्हणजे काही मोठी तपश्चर्या नव्हे. घर बांधताना पाया आधी भरतात; तो कोणाला दिसत नाही, पण सारा डोलारा त्याच्यावर उभा असतो. शरीराचेही तसेच आहे. आरसा काय म्हणतो ते पुढे पाहता येईल. आधी जमिनीवर बसा, आणि हात न टेकता उठा!