दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. या मंडळात मी आजवर तिळगूळ केले, भजनाला टाळ धरला, सहलीचा हिशेब लिहिला; भाषणाला उभी राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई म्हणाल्या, “आरोग्यावर काहीतरी बोला.” आहारावर बोलावे असे प्रथम मनात होते. पण आहारावर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. ज्यावर कोणी बोलत नाही तेच सांगावे असे ठरवून आले आहे, आणि ती हकीकत माझीच आहे.

आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक नसेल, 2010 सालापासून मी मनाच्या आजारावर औषध घेते. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला हा त्रास सुरू झाला. कधी रात्ररात्र झोप नाही आणि तोंडाला खीळ नाही. कधी महिना महिना अंथरुणातून उठवत नसे. मानसोपचारतज्ज्ञांनी कार्बामाझेपिन नावाची गोळी दिली. तिने मला पुन्हा माणसांत आणले. पण ती गोळी मी पुरचुंडीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवीत असे. ‘वेडाच्या गोळ्या खाते’ हे शब्द कानी पडू नयेत, एवढ्यासाठी.

दोन मुले झाली होती, तिसरे नको होते. म्हणून मी एका डॉक्टरीणबाईंकडून संततिनियमनाची गोळी घेऊ लागले. त्यांनी विचारले, “आणखी काही औषध चालू आहे का?” मी म्हटले, “छे हो, काही नाही.” एवढेच खोटे बोलले. पुढे गोळी एक दिवसही चुकवली नाही, आणि तरीही 2014 साली मला दिवस गेले.

घरात हे म्हणाले, “तू विसरली असशील.” मी रिकामी पाकिटे पुढे टाकली. मग मनात भीती शिरली, की मनाच्या गोळीने बाळाला काही होईल. मी कोणालाही न विचारता ती बंद केली. पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सहाव्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि तांदळाच्या डब्यातून पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “सूनबाई, ही मला चार वर्षांपासून ठाऊक आहे. तू सांगशील म्हणून वाट पाहिली. आता दोन्ही पाकिटे पिशवीत घाल आणि चल.”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवली आणि समजावून सांगितले. आपले यकृत औषधांचा निचरा करते. कार्बामाझेपिनने ते काम जलद होते. चूल मोठी केली की दूध लवकर आटते, तसे संततिनियमनाच्या गोळीतील संप्रेरक काम होण्याआधीच संपून जाते. दोष कोणत्याच गोळीचा नव्हता. एकीची वार्ता दुसरीला नव्हती, एवढेच.

पुढचे मार्ग त्यांनी मोकळेपणाने समोर ठेवले. आम्ही मूल ठेवले. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले, औषध पुन्हा सुरू झाले, फॉलिक ॲसिड मिळाले. बाळाच्या कण्यात दोष नाही ना, हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मुलगी धडधाकट झाली. आता माझ्या खांद्याला लागते. ती मला कधी नकोशी झाली नाही. पण ते महिने ज्या धास्तीत गेले, ते माझ्या एका ‘छे हो’मुळे.

भगिनींनो, त्यानंतर मी विचारून विचारून जे शिकले ते थोडक्यात सांगते. घाबरून जाण्याचे कारण नाही. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी किंवा लिथियमने संततिनियमनाच्या गोळीचे काम बिघडत नाही. कार्बामाझेपिन, तसेच फिट्सवरच्या फेनिटॉइन व फेनोबार्बिटोन यांनी मात्र बिघडते, आणि औषध थांबवल्यावरही सुमारे 4 आठवडे तो परिणाम राहतो. तातडीची म्हणून मिळणारी गोळीही अशा वेळी कमी पडते. तांबीला किंवा निरोधला ही अडचण नाही.

लॅमोट्रिजिनची गोष्ट उलटी आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने त्याचेच रक्तातील प्रमाण निम्म्यावर येऊ शकते. बाईला वाटते आजार उलटला. खरे तर औषध कमी पडत असते. व्हॅल्प्रोएटने संततिनियमनाच्या गोळीचे काम बिघडत नाही, पण गर्भाला ते फार घातक आहे. ते घेणाऱ्या 100 मातांपैकी सुमारे 10 जणींच्या बाळांत जन्मजात व्यंग आढळते, आणि 30 ते 40 मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. तेव्हा तरुण मुलीला ते लिहून दिले असेल, तर संततिनियमनाचे काय, हे त्याच दिवशी विचारावे. आणखी एक. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने कधी पाळी थांबते. पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असे समजू नये.

आणि हे ऐकून घरी जाऊन कोणी आपली गोळी बंद करू नये. ते मी करून पाहिले आहे. बदल करायचा तो डॉक्टरांनीच.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा लोकांनी त्यांची निंदा केली. आज माला-एनचे पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि आपण ते न लाजता मागतो. मनाच्या औषधाबद्दल मात्र अजून कुजबुजतो. मी चार वर्षे कुजबुजही केली नाही. आणि जिच्यापासून लपवीत होते, तिनेच शेवटी हात धरून नेले.

एक सूचना करते. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी एक छोटी वही द्यावी. तिच्यात प्रत्येकीने आपली सगळी औषधे लिहावीत, रक्तदाबाची, थायरॉइडची, मनाचीही. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती पर्समध्ये असावी. पहिली वही मी भरून आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर पाहावी.