बारा अणू आणि एक आकडा



शास्त्रज्ञाचं मोजमाप आज दोन आकड्यांत उरकलं जातं. त्यानं शोधनिबंध किती लिहिले आणि इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला. या दुसऱ्याला आम्ही सरळ ‘सायटेशन’ म्हणतो. या आकड्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते मी माझ्या जिव्हाळ्याच्या विषयातून, रेणूंच्या चुंबकत्वातून, सांगणार आहे.

१९८० साली पोलंडमध्ये व्रॉत्सवाफ इथे तादेउश लिस यांनी एका संयुगाचे स्फटिक तयार केले. साहित्य साधंच होतं: मँगनीज अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटिक आम्ल आणि आपल्याकडे विहिरीच्या पाण्यात टाकतात ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट. त्यातून गडद, काळपट स्फटिक निघाले. लिस यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं त्यांची रचना उलगडली. एकेका रेणूत मँगनीजचे १२ अणू: मधे ४, भोवती ८ जणांचं कडं, सगळे ऑक्सिजननं एकमेकांना जोडलेले. त्यांनी चुंबकीय गुणधर्मही नोंदवले आणि निबंध स्फटिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. पुढची दहा-एक वर्षं तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग फ्लॉरेन्समध्ये दान्ते गात्तेस्की, रोबेर्ता सेस्सोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच संयुग हाती घेतलं. स्पिनचा, म्हणजे अणूच्या चुंबकत्वामागच्या पुंजभौतिक मापाचा, हिशेब पाहा. बाहेरच्या आठ अणूंचा स्पिन प्रत्येकी २, आतल्या चारांचा प्रत्येकी दीड, आणि हे दोन गट परस्परांच्या विरुद्ध दिशेला. १६ वजा ६, म्हणजे १०. एका रेणूसाठी हा स्पिन भलताच मोठा आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं, की अतिशीत तापमानाला यातला एकेक रेणू स्वतंत्रपणे चुंबकासारखा वागतो. २ केल्व्हिनला त्याचं चुंबकन ओसरायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. लोखंडाच्या तुकड्यात असंख्य अणू एकमेकांना धरून असतात, म्हणून त्याचं चुंबकत्व टिकतं. इथे शेजारच्या रेणूची गरजच उरली नव्हती.

१९९६ मध्ये तर नवलच झालं. चुंबकीय क्षेत्र हळूहळू उलटं करत नेलं, की साध्या चुंबकाच्या चुंबकनाचा आलेख गुळगुळीत वळण घेतो. या स्फटिकाचा आलेख मात्र जिन्यासारखा उतरला, आणि पायऱ्या क्षेत्राच्या समान अंतरांवर आल्या. प्रत्येक पायरीवर रेणूंचा स्पिन ऊर्जेचा अडसर ओलांडण्याऐवजी त्यातून आरपार जात होता. पुंजभौतिकी अशी कागदावर पायऱ्या पायऱ्यांनी उमटलेली मी जेव्हा जेव्हा विद्यार्थ्यांना दाखवतो, तेव्हा वर्ग शांत होतो. मला स्वतःलाही अजून त्या आलेखाचं नवल वाटतं.

आता या कामाला सायटेशनची फूटपट्टी लावू या. समजा, १९८५ मध्ये एखादी समिती लिस यांच्या मागच्या पाच वर्षांचा हिशेब मांडायला बसली असती, तर हा निबंध तिच्या नजरेत भरला नसता. उलट, २०१७ मध्ये डिस्प्रोसियमच्या संयुगानं ६० केल्व्हिनपर्यंत चुंबकाची स्मृती टिकवली आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका संयुगानं द्रव नायट्रोजनचं ७७ केल्व्हिनही मागे टाकलं, तेव्हा त्या निबंधांचे संदर्भ लगोलग येऊ लागले. ते काम थोर आहेच. पण तोवर जगभर कितीतरी प्रयोगशाळा नेमक्या याच प्रश्नावर बसल्या होत्या. लिस यांच्या वेळी या वाटेला जवळजवळ कुणीच नव्हतं. सायटेशनच्या आकड्यात ही गर्दीही मोजली जाते.

एच-निर्देशांकाचं आणखी वेगळं. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी तो २००५ मध्ये सुचवला. ज्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक ४०. यात एखाद्या निबंधाला हजारो संदर्भ मिळाले तरी त्याची भर एकाचीच. एका रेणूचा चुंबक होतो हे दाखवणारा १९९३ चा निबंध आणि मागाहून आलेला एखादा ठाकठीक निबंध, दोघांचं वजन सारखंच! पुढे हिर्श यांनीच या निर्देशांकाच्या दुष्परिणामांवर स्पष्ट लिहिलं.

यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये संदर्भसूची काढली ती मुळात शोध घेण्यासाठी. जुना निबंध धरायचा आणि त्याचा आधार पुढे कुणीकुणी घेतला ते पाहत जायचं. लिस यांच्या निबंधापासून असं निघालात तर या विषयाचा सगळा विस्तार डोळ्यांसमोर येतो. या कामासाठी सायटेशनइतकं उत्तम साधन नाही, आणि मी ते रोज वापरतो.

आपल्याकडे मात्र आकडे मोजमापासाठीच राबवले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१० च्या विनियमांनी बढतीसाठी निबंधांना गुण लावले. निबंध वाढले, तशी ते पैसे घेऊन छापणारी नियतकालिकंही फोफावली. २०१८ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्या नियतकालिकांचा एक नमुना तपासला. त्यातली सुमारे ८८ टक्के दर्जाच्या निकषांवर उतरली नाहीत. यात सर्वांत जास्त नुकसान झालं ते प्रामाणिक संशोधकाचं. मला याची खरोखर चीड येते. एक स्फटिक वर्षभर नीट वाढवणाऱ्या मुलीला आपण विचारतो, ‘यंदा किती छापलं?’

निवड समित्यांकडे माझी मागणी साधी आहे. उमेदवाराकडून त्याला महत्त्वाचे वाटणारे पाचच निबंध मागवा. समितीतल्या एकानं तरी त्यातला एक शेवटपर्यंत वाचून यावं. मुलाखतीत त्यातल्या एका आकृतीवर बोट ठेवावं आणि हा आलेख इथे असा का वळला, ते उमेदवाराला विचारावं. याला अर्धा तास पुरतो.