सुटत नाही तो ब्रेक



मोटारसायकलचा लागलेला डिस्क ब्रेक सुटेनासा झाला, की दोष पॅडवर आणि पॅडचा दोष कामगारावर जातो. एका गॅरेजात नवे पॅड महिन्याभरात जळाले म्हणून पोराची मजुरी कापली. आम्ही भांडायला गेलो, पण आधी चाक उचलून फिरवले. फिरेना. ब्लीड निपल सैल केला, तरी फिरेना. त्याने मोकळे झाले असते, तर दोष वर मास्टर सिलिंडरात किंवा नळीत समजायचा. येथे कॅलिपरच अडला होता.

पिस्टन मागे घ्यायला आत स्प्रिंग नसते. दाबाने वाकलेले रबरी सील सरळ होताना त्याला केसभर मागे ओढते, एवढेच. नवे जाड पॅड बसवताना पोराने मळका पिस्टन तसाच आत रेटला होता. साफ करायला वेळ कोणी दिला? दहा मिनिटांत गाडी हवी, हा मालकाचाच हुकूम!

गंज खोल नव्हता, म्हणून पिस्टन वाचला. सीलची खाच साफ करून नवे सील ब्रेक ऑइल लावून बसवले; सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते.

मजुरी परत मिळाली, तीही दोन हप्त्यांत.